गढीचा वारस कोण? सोलापूर जिल्ह्यात वारस नोंद कशी लावायची, कागद कोणते आणि वाद झाला तर पुढे काय

आटपाट नगरात राजा निपुत्रिक गेला की हत्तिणीच्या सोंडेत माळ देतात. माळ ज्याच्या गळ्यात पडेल तो राजा. मुलगे असले तर आवडतीचा की नावडतीचा, एवढाच प्रश्न. श्रावणातल्या कहाण्या ऐकत वाढलेल्या आपल्या मनात वारसा म्हणजे एक गादी आणि तिच्यावर बसणारा एकच, हे पक्कं बसलेलं असतं. मी सोलापुरात दिवाणी कामं करतो. देशमुख, पाटील, इनामदार घराण्यांतले लोक येतात आणि पहिलं वाक्य हेच असतं, "आमच्यात थोरल्या पातीचा मान आहे."

मान जरूर असू द्या, पण सातबाऱ्यावर गादी नसते. हिंदू वारसा कायदा, 1956 च्या कलम 5 मध्ये एकाच वारसाकडे जाणाऱ्या मालमत्तेला जागा आहे, पण ती संस्थानिकाने भारत सरकारशी केलेल्या कराराने किंवा आधीच्या एखाद्या कायद्याने तशी ठरली असेल तरच. वतनदार घराण्याला हा आधार सहसा मिळत नाही. कुलकर्णी-परगणा वतनं 1950 च्या कायद्याने गेली, पाटीलकी 1962 च्या. वतन खालसा होऊन तीच जमीन घराण्याला परत मिळाली, तर ती सगळ्यांची आणि वाटपाला पात्र, हे सर्वोच्च न्यायालयाने नागेश बिष्टो देसाई खटल्यात 1982 साली सांगितलं.

मग वारस कोण? पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई, सगळे पहिल्या वर्गातले. आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं आणि अशा मुलाची विधवाही त्यात येते. आईचं नाव सगळ्यात जास्त वेळा राहतं. म्हातारी खाटेवर असते, आणि मुलाच्या वारसांत तिला कुणी धरतच नाही. कायदेशीर लग्न नसलेल्या ‘दुसरी’ची मुलंही वडिलांच्या हिश्श्यात येतात. वडिलोपार्जित मिळकतीत वडिलांच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही येतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2023 च्या निकालाने स्पष्ट झालं. मुस्लिम इनामदार घराण्यांत हिस्से शरियतप्रमाणे पडतात, अर्जाची वाट मात्र हीच.

मुलींबद्दल थोडं थांबून सांगतो. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानेच सहहिस्सेदार आहे. वडील त्या तारखेला हयात असायलाच हवेत असं नाही, हे 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयात विनीता शर्मा खटल्यात ठरलं. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत दस्ताने किंवा हुकूमनाम्याने झालेलं वाटप उकरता येत नाही.

अक्कलकोट तालुक्यातल्या एका आक्का माझ्याकडे आल्या होत्या. पदराच्या गाठीत घडी घालून आणलेला सातबारा. वर कब्जेदार म्हणून तिन्ही भावांची नावं आणि यांचं नाव ‘इतर अधिकारा’त. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "नाव हाय की. मग पीक इम्याला, कर्जाला, कशालाच का चालत न्हाई?" चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की आपला हिस्सा कागदावर आहे. पण ‘इतर अधिकारा’तलं नाव कब्जेदारात धरत नाहीत. तुमच्याही उताऱ्यावर बहिणींची नावं अशी खाली असतील, किंवा एका भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर असा शेरा असेल, तर नवी वारस नोंद करण्याआधी ते दुरुस्त करून घ्या. एकट्या मॅनेजरचे वारस लागले की बाकीचे भाऊ कागदावरून पुसले जातात. घराणी कायमची तुटतात ती इथे.

आता प्रत्यक्ष अर्ज. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) वर्दी द्यायची. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. सोबत मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि आठ-अ, सगळ्या वारसांचं आधार, रेशनकार्ड आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र लागतं. त्यात मयताशी नातं, वय, पत्ता, आणि मयत वारसांचीही नावं लिहा. वंशावळ स्वतः, शांत बसून, सासरी गेलेल्या प्रत्येक मुलीसह काढा. आपल्याकडे नावांचा घोळ ठरलेला: दाखल्यावर ‘मल्लिनाथ’, सातबाऱ्यावर ‘मल्लप्पा’, आधारवर तिसरंच. या सगळ्या नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. पेटीत मोडी कागद असतील तर लिप्यंतर करून घ्या, मूळ कागद कुणाच्या हाती सोडू नका.

तलाठी गावात चौकशी करून वारस रजिस्टरला, म्हणजे गाव नमुना 6-क ला, नोंद घेतो. मंडळ अधिकाऱ्याने वारस ठरवले की फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, ओढला जातो, नमुना 9 ची नोटीस निघते आणि हरकतीला 15 दिवस मिळतात. नोटिशीवर बहिणींच्या वतीने भावाने सही करायची नसते. शहरातला वाडा असेल तर हेच काम सिटी सर्व्हेला (नगर भूमापन कार्यालयात), मिळकत पत्रिकेवर.

हरकत आली की प्रकरण तक्रारी केसच्या नोंदवहीत जातं, सुनावणी लागते. निकाल पटला नाही तर 60 दिवसांत प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) अपील. पण फेरफार मालकी देत नाही. तो महसुलासाठी असतो आणि उलट सिद्ध होईपर्यंतच खरा मानला जातो. दत्तक खरा की खोटा, मृत्युपत्र बनावट की अस्सल, हे ठरवायचं दिवाणी न्यायालयाने. तहसीलच्या पायऱ्यांवर तीन-तीन वर्षं हेच मुद्दे भांडणारी माणसं बघून जीव तुटतो.

दत्तकाचं आपल्याकडे नवल नाही. अक्कलकोटच्या गादीचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले हे शाहू छत्रपतींनी मानलेले पुत्र, मूळचे राणोजी लोखंडे. आज मात्र 1956 चा दत्तक कायदा बघतात. मुलगा 15 वर्षांच्या आतला आणि अविवाहित हवा, वेगळी रूढी सिद्ध झाली तरच सूट. नोंदणीकृत दत्तकपत्र असेल तर न्यायालय दत्तक झालाच असं गृहीत धरतं. आणि दत्तक येण्याआधी ज्याला मिळकत मिळून गेली, त्याच्याकडून ती दत्तकाला काढून घेता येत नाही.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. सोलापूर जिल्ह्यातल्या मिळकतीला प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र कोर्टातून शाबीत करून घेणं, सक्तीचं नाही. एकत्र मिळकतीत माणूस फक्त स्वतःच्या हिश्श्यापुरतं लिहून जाऊ शकतो.

बँकेतल्या ठेवी आणि शेअर्ससाठी 1925 च्या भारतीय वारसा कायद्याखाली वारसा प्रमाणपत्र (सक्सेशन) लागतं. जमीन-वाड्यासाठी 1827 च्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला. लोक दोन्हींना ‘कोर्टाचा वारस’ म्हणतात आणि चुकीचा अर्ज टाकून वर्ष घालवतात. आपल्याला काय सोडवून घ्यायचं आहे ते वकिलाला पहिल्याच भेटीत यादी करून सांगा.

वतनातून आलेली जमीन ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तरी वारस लावायला परवानगी लागत नाही, विकायला लागते. देवस्थान इनामात मालक देव असतो. तिथे वारसाचं नाव वहिवाटदार म्हणूनच लागतं.

बहिणीला खरोखर हिस्सा सोडायचा असेल तर आधी तिचं नाव लावा, मग दुय्यम निबंधकाकडे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या स्टॅम्पवरची सही चालत नाही. वाटप सगळ्यांच्या संमतीचं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे, नसेल तर दिवाणी दावा.

नोंद मंजूर झाली की त्याच आठवड्यात नवा सातबारा, आठ-अ आणि फेरफाराची नक्कल काढा आणि उताऱ्यावरचं एकेक नाव वंशावळीशी ताडून बघा. लिहिण्यातली चूक त्याच संहितेच्या कलम 155 खाली तहसीलदार दुरुस्त करतात.