आयसीयूतल्या न्यूमोनियाच्या पेशंटचं रक्त आणताय? नळीवर वेळ लिहून आणा

बेळगावातल्या आमच्या लॅबच्या खिडकीशी रोज एक तरी जण रिपोर्ट हातात धरून विचारतो, "मॅडम, ह्यात पेशंट वाचंल असं आलंय का?" विचारणारा बहुतेक रात्रभर आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसलेला असतो. "डॉक्टरांना विचारा" म्हणून खिडकी लावून घेणं जमत नाही, आणि मागे रांग असताना नीट सांगणंही होत नाही. म्हणून हा कागद. सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, सीआरपी म्हणजे संसर्गात वाढणारं प्रथिन, ही नावं तुमच्या कानावरून गेलेली आहेत असं धरून लिहितो.

आधी आमच्या अडचणीचं सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. तुमचाही आणि आमचाही.

मोठ्या हॉस्पिटलांत लॅक्टेट, म्हणजे शरीराला ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारा पदार्थ, आयसीयूतल्याच एबीजी मशिनवर (रक्तातले वायू मोजणाऱ्या) निघतं. आमच्याकडे येतं ते लहान नर्सिंग होममधलं रक्त, आणि ते आणतो नातेवाईक. दोन वर्षांमागे खानापूर भागातला एक मुलगा वडिलांच्या रक्ताची नळी शर्टाच्या खिशात घालून आला. नळी साध्या लाल टोपणाची, वर नाव होतं, वेळ नव्हती. "कधी काढलं?" "आत्ताच." घरातला माणूस आत असला की सगळं आत्ताच वाटतं, त्याचा दोष नाही. आम्हीही दया येऊन ती नळी लावली. लॅक्टेट आलं 4.1. तिकडे डॉक्टरांची धावपळ, पेशंटला हलवायची तयारी, घरच्यांची रडारड. मग डॉक्टरांना शंका आली, त्यांनी आमचा माणूस बोलावून बर्फात दुसरी नळी पाठवली. आकडा आला 2.3. चौकशी केल्यावर कळलं, पहिलं रक्त सकाळी सातला काढलं होतं. पोरगा आधी घरी डबा आणायला गेला, मग औषधाच्या दुकानात, मग टिळकवाडीच्या रेल्वे गेटवर अडकला. आमच्या हातात नळी पडली तेव्हा दहा वाजून गेले होते.

मधल्या तीन तासांत पेशंटचं काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते नळीत. रक्त शिरेतून बाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात. त्या साखर खात राहतात आणि लॅक्टेट सोडत राहतात. पांढऱ्या पेशी वाढलेल्या असल्या, आणि न्यूमोनियात त्या बऱ्याचदा असतातच, तर हे आणखी जोरात चालतं. करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं, ते हा कारभार थांबवतं. म्हणून लॅक्टेट करड्या टोपणातच, बर्फाच्या पाण्यात बुडवून, वाटेत कुठेही न थांबता. नुसत्या बर्फाच्या खड्याला काच चिकटली तर पेशी फुटतात, म्हणून बर्फाचं पाणी म्हणतो.

मात्र सगळ्याच नळ्या बर्फात घालू नका. एका काकांनी चारही नळ्या दुधाच्या पिशवीत बर्फ भरून आणल्या, केवढ्या काळजीने! पण गारठ्याने लाल पेशींतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि रिपोर्टात खोटं वाढलेलं दिसतं. पोटॅशियमची नळी बर्फाबाहेर, आणि गाडीवर गचके न देता.

त्या दिवसापासून वेळ नसलेली लॅक्टेटची नळी आम्ही परत करतो. "बेळगावात दुसरीकडे घेतात की!" असं ऐकून घेतो. घेत असतील. सिस्टरनी लेबलावर तारखेशेजारी "7.05" एवढं लिहिलं तरी पुरे. नसेल लिहिलं तर तिथेच उभं राहून लिहून घ्या. आणि ज्या हाताला सलाईन चालू आहे त्याच हातातून सुईच्या वरच्या बाजूला रक्त काढलं तर साखर आणि सोडियम रक्ताचं नव्हे, बाटलीचं येतं. सिस्टरना एकदा विचारलंत तर त्या रागावणार नाहीत.

आता "वाचेल का?" ह्याबद्दल.

न्यूमोनिया किती गंभीर आहे हे ठरवायला डॉक्टर काही मोजपट्ट्या वापरतात. 2003 साली आलेल्या कर्ब-65 मध्ये पाच गोष्टी आहेत: बरळणं किंवा गोंधळ, रक्तातला यूरिया, श्वासाचा वेग मिनिटाला 30 किंवा वर, पडलेलं बीपी, आणि वय 65 किंवा जास्त. पाचांतली एकच आमच्या नळीतून येते. आयसीयूतला सोफा स्कोअर सहा अवयवांचा हिशेब ठेवतो. त्यात प्लेटलेट, बिलिरुबिन (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी) आम्ही देतो, बाकीचं खाटेजवळ मोजावं लागतं. तेव्हा कागदावरच्या तीन-चार आकड्यांवरून खिडकीतून भविष्य सांगणारा लॅबवाला भेटला तर त्याला पंचांगही मागा.

आकड्यांना अर्थ नाही असं मात्र नाही. सेप्सिसची, म्हणजे जंतुसंसर्गाने अवयव बिघडू लागण्याची, 2016 ची आंतरराष्ट्रीय व्याख्या सांगते की पुरेसं सलाईन देऊनही बीपी टिकवायला औषध लागतंय आणि लॅक्टेट 2 च्या वरच आहे, अशा पेशंटांत शंभरांतले चाळीसहून जास्त दगावतात. ऐकायला कठीण आहे, पण त्याच हिशेबाने निम्म्याहून अधिक वाचतात. तुमचा माणूस कुठल्या बाजूचा, हे एका नळीत लिहिलेलं नसतं. थोडंफार कळतं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या नळीत. लॅक्टेट वाढलेलं असलं की डॉक्टर दोन ते चार तासांत पुन्हा का मागवतात, "परत रक्त? परत बिल?" असं का होतं, ते ह्यामुळे. उतरतंय का, हे बघायचं असतं. आणि उतार कळायला दोन्ही नळ्यांवर वेळ लिहिलेली लागते. म्हणून आमचा एवढा हट्ट.

सीआरपी यकृतात तयार होतं आणि त्याचा जन्मच न्यूमोनियातला. 1930 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या पेशंटांच्या रक्तात सापडलं. जंतूच्या सी नावाच्या घटकाला चिकटतं, म्हणून नावात सी. ते सावकाश चढतं, साधारण दोन दिवसांनी टोकाला जातं. त्यामुळे ॲडमिट केल्याच्या दुसऱ्या दिवशी सीआरपी वाढलेलं दिसलं म्हणून औषध लागू पडत नाही असं समजू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही खाली यायचं नाव घेत नसेल, तेव्हा डॉक्टरच पुन्हा शोधाशोध करतात.

प्रोकॅल्सिटोनिन हेही जंतुसंसर्गात रक्तात वाढतं, पण ते जास्त चपळ आणि जास्त महाग. उतरायला लागलं की दिवसाला निम्मं होतं. टोकाच्या आकड्यापासून 80 टक्के खाली आलं, म्हणजे 20 चं 4 झालं, किंवा 0.5 च्या आत गेलं, तर अँटिबायोटिक थांबवायचा विचार डॉक्टर करतात. उलट सुरुवातीला ते कमी आलं म्हणून अँटिबायोटिक रोखून धरू नये, असं 2019 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनाही सांगतात. ही तपासणी रोज केली तर फायदा आमचाच आहे, तरीही सांगतो: डॉक्टरांनी रोज लिहिली नसेल तर स्वतःहून रोज करून घेऊ नका.

चिठ्ठीवर दोन गोष्टी कळवा. स्टिरॉइड चालू आहे का? त्याने पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, सीआरपीही दबतं. किडनी बिघडलेली आहे का? मग प्रोकॅल्सिटोनिन जंतूंवाचूनही चढलेलं असू शकतं. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागून येणारा आकडाही हल्ली बरेच डॉक्टर बघतात. तो सीबीसीतूनच निघतो, आम्ही त्याचे वेगळे पैसे घेत नाही.

लॅब बदलू नका असं आम्ही म्हणतो तेव्हा लोकांना धंदा दिसतो. धंदा आहेच, नाकारत नाही. पण मागच्या पावसाळ्यात चंदगडहून हलवलेल्या एका आजींचे घरचे दोन रिपोर्ट शेजारी धरून घाबरले होते: तिकडे 28, इकडे एकदम 60! तिकडच्या कागदावर बीयूएन (यूरियातल्या फक्त नायट्रोजनचा आकडा) होतं, आमच्यावर यूरिया. बीयूएनला 2.14 ने गुणलं की यूरिया. म्हणजे आजी होत्या तिथेच होत्या. सीआरपीचंही तसंच, एकीकडे 12 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि दुसरीकडे 120 मिलिग्रॅम प्रति लिटर हे एकच. आधी दुसरीकडे तपासण्या झाल्या असतील तर ते कागद घेऊन या. आम्ही सगळे आकडे एका एककात आणून, वेळेसकट, एका पानावर मांडून देतो. त्याचे पैसे नाहीत. पान मराठीत हवं की कन्नडमध्ये, तेवढं सांगा.

फार बिघडलेला आकडा आला तर आम्ही आधी डॉक्टरांना फोन करतो, तुम्हाला नंतर. काहींना ह्याचा राग येतो. पण औषध बदलणारा हात त्यांचा आहे. तुमच्यासाठी चिठ्ठीवर दोन नंबर लिहा, कारण जांबोटीकडे पावसात रेंज गेली की रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवूनही पोचत नाही.

शहरात कुठल्याही नर्सिंग होममधून लॅक्टेट घ्यायला आमचा माणूस बर्फाचा डबा घेऊन येतो, रात्रीही. रात्रीचा आकार थोडा जास्त आहे, पेट्रोल आणि त्याची झोप दोन्ही त्यात धरलेली आहेत. स्वतः आणणार असाल तर निघण्याआधी करड्या टोपणाची नळी आमच्याकडून फुकट घेऊन जा. रात्री शटर अर्धं खाली दिसलं तरी आत माणूस असतो, बेल उजव्या बाजूला आहे.