परमुलखातला शिपाई आणि मराठवाड्यातले घर : पत्रव्यवहाराची पार्श्वभूमी

युद्धकाळात परदेशी गेलेला शिपाई घराशी संपर्क कसा ठेवत असे, हा विषय निघाला की बोलणे बहुधा जहाजे आणि सेन्सॉर यांच्यापाशी थांबते. मराठवाड्यापुरते पाहायचे तर तेवढ्याने भागत नाही. मुंबई बंदराला पत्र लागल्यानंतर त्याचा उरलेला प्रवासही खडतर होता, आणि त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

निजामाच्या राज्यात असूनही हा भाग लष्कराला अपरिचित नव्हता. औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथे हैदराबाद कंटिन्जंटच्या, म्हणजे निजामाच्या खर्चाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या, छावण्या होत्या. १९०३ मध्ये हे दल भारतीय सैन्यात विलीन झाले आणि त्याच्या रिसाल्यांतून पुढे आलेल्या २० व्या डेक्कन हॉर्स व २९ व्या लान्सर्स या तुकड्या पहिल्या महायुद्धात, १९१४ मध्ये, फ्रान्सला रवाना झाल्या. १४ जुलै १९१६ रोजी सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सने घोड्यांवरून चढाई केली, या तुकडीत शीख आणि जाट स्वारांबरोबर दख्खनी मुसलमान स्वारही असत.

त्या काळी हैदराबाद राज्यात शंभरात पाच जणांनाही लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे पत्राच्या दोन्ही टोकांना तिसरा माणूस लागे. आघाडीवर लिहिणारा सोबती पलटणीतला, गावात वाचून दाखवणारा कुलकर्णी, मास्तर किंवा मशिदीतला मौलवी. बायकोला सांगायची गोष्ट अशी चारचौघांच्या कानांवरून जाणार, हे पत्र सांगणाऱ्याला पक्के ठाऊक असे. ‘इकडील क्षेम, तिकडील क्षेम कळवीत जावे’ या साच्यातल्या ओळी, बैलांची चौकशी, पावसाची चौकशी, थोरामोठ्यांना नमस्कार हे सारे आज कोरडे वाटते. माझ्या मते तो कोरडेपणा मायेचा नाही. परक्या हाताने लिहिलेल्या आणि परक्या तोंडाने वाचल्या जाणाऱ्या पत्राला एवढेच पेलत होते.

त्यात सेन्सॉरची भर पडली. फ्रान्समधील हिंदी सैनिकांची टपाल तपासणी बुलोन येथे कॅप्टन हॉवेल यांच्या देखरेखीखाली चाले. १९१५ च्या मार्चपर्यंत शिपाई आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे धाडू लागले होते, तेव्हा प्रत्येक पत्र वाचणे शक्यच नव्हते. शिपाईही खुणेने लिहीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली असे लिहिले की घरच्यांनी समजून घ्यायचे. तपासनिसांनी भाषांतर करून ठेवलेले उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. गावाकडच्या कणगीत किंवा पेटीत ठेवलेली मूळ पत्रे वाळवीने आणि ओलीने खाल्ली, आणि पाळतीसाठी उतरवून घेतलेले तेवढे टिकले, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

पत्र मनमाडवरून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड असे रेल्वेने येई, कारण हा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला होता. बीडला मात्र रेल्वे नव्हती. अशा भागात रेल्वे स्टेशनापासून आत डाक पायी किंवा बैलगाडीने जाई. शिवाय निजामाचे स्वतःचे टपाल खाते होते. १८६९ पासून त्याची वेगळी तिकिटे निघत, आणि पुढच्या तिकिटांवर उर्दू, तेलुगू व इंग्रजीबरोबर मराठीतही किंमत छापलेली असे. पण ती राज्याच्या हद्दीबाहेर चालत नसत. बाहेरच्या जगाशी व्यवहार इंग्रजी टपालातून करावा लागे. एकाच घरच्या एका पत्रासाठी दोन सरकारांची यंत्रणा, अशी ही अवस्था होती.

दुसऱ्या महायुद्धात सर्वांत मोठी पोकळी मलायात, म्हणजे आजच्या मलेशियात, निर्माण झाली. हैदराबाद संस्थानाची पहिली इन्फन्ट्री डिसेंबर १९४१ मध्ये कोटा भारूच्या विमानतळाच्या रक्षणावर होती. जपानी सैन्य तिथेच उतरले आणि १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडल्यावर हजारो हिंदी सैनिक कैदेत गेले. कैद्यांना क्वचित मिळणाऱ्या कार्डावर पुढे पंचवीस शब्दांची मर्यादा आली, आणि तीही कार्डे महिनोन्‌महिने वाटेत अडकत. मेल्याची तार नाही, जिवंत असल्याचे पत्र नाही, अशा स्थितीत घरच्यांनी कुंकू ठेवावे की पुसावे हेदेखील ठरवता येत नसे.

स्वातंत्र्यानंतरचा भाग थोडक्यात सांगता येतो. १९५० मध्ये निजामाचे टपाल भारतीय टपालात मिळाले. १९५३ मध्ये कोरियाला गेलेल्या जवानांसाठी ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असा शिक्का मारलेली तिकिटे निघाली. १९७२ मध्ये लष्करी टपालाचे स्वतंत्र दल झाले. श्रीलंकेत १९८७ ते १९९० दरम्यान शांतिसेनेत असलेल्या महार रेजिमेंटसारख्या पलटणींतल्या जवानांना घरचे पत्र ‘५६ एपीओ’ किंवा ‘९९ एपीओ’ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) एवढ्याच पत्त्यावर येई. ठिकाणाचे नाव लिहायचेच नसे. त्याच सुमारास तालुक्याच्या गावी एसटीडी बूथ दिसू लागले आणि कागदाचा जोर ओसरला.

ज्यांच्या घरी अशी जुनी पाकिटे अजून आहेत त्यांनी पत्रे काढून पाकिटे फेकू नयेत. गाव लपवलेले असले तरी टपालाच्या शिक्क्यात फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे सैन्याबरोबर असणाऱ्या टपाल कार्यालयाचा, क्रमांक आणि तारीख असते. कोणत्या क्रमांकाचे कार्यालय कोणत्या काळात कुठे होते, याच्या याद्या टपाल अभ्यासकांनी तयार केल्या आहेत. त्यावरून आजोबा बसऱ्याला होते, कैरोला होते की इटलीत, याचा बऱ्याचदा उलगडा होतो.