जी४५६० घेऊ की आय३-७१००? आधी एव्हीएक्स बघा

सेकंडहँड कॉम्प्युटर घ्यायला निघालेले ओळखीतले लोक मला फिरून फिरून हाच प्रश्न विचारतात. एका मशीनमध्ये इंटेलचा पेंटियम जी४५६० प्रोसेसर आहे, दुसऱ्यात इंटेलचाच कोअर आय३-७१००. आय३वालं थोडं महाग आहे, तर वरचे पैसे घालू का? माझ्याकडे येईपर्यंत त्यांना दोन ठोक उत्तरं मिळालेली असतात. एक जण सांगतो, "पेंटियमच्या नादी लागू नकोस, आय३ तो आय३." दुसरा सांगतो, "दोन्ही एकच आहेत रे, नुसता नावाचा फरक." दोन्ही चूक. त्यातलं दुसरं उत्तर जास्त नुकसान करतं, कारण ते जवळजवळ बरोबर आहे.

आय३-७१०० बहुतेकांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. दोन कोअर (काम करणारे गाभे), चार थ्रेड (एकाच वेळी हाताळायच्या कामांच्या रांगा), वेग ३.९ गिगाहर्ट्झ, टर्बो (गरजेनुसार आपोआप वाढणारा वेग) नाही. जी४५६० मध्येही दोन कोअर, चार थ्रेड, टर्बो नाही, फक्त वेग ३.५. दोन्ही जानेवारी २०१७ मध्ये आले. दोन्ही कॅबी लेक, म्हणजे इंटेलच्या सातव्या जनरेशनचे, १४ नॅनोमीटर, बोर्डवर एलजीए ११५१ सॉकेटमध्ये बसणारे, ३ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी). त्याआधीच्या जी४४०० सारख्या पेंटियमना दोनच थ्रेड होते. इंटेलने हायपर-थ्रेडिंग, म्हणजे एका कोअरला दोन थ्रेड, डेस्कटॉप पेंटियमच्या किमतीत दिलं, म्हणून जी४५६० चा एवढा गाजावाजा झाला. यादीतली किंमत ६४ डॉलर, आय३ची ११७. जवळपास दुप्पट पैसे मोजून क्लॉक, म्हणजे वेग, मिळत होता अकरा टक्के जास्त. ब्राउझर, वर्ड, टॅली यांत तो अकरा टक्के फरक हाताला जाणवत नाही. त्याच पैशात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर पहिल्याच दिवशी जाणवते. तेव्हा नव्या मशीनमध्ये जी४५६० घेऊन उरलेले पैसे जीटीएक्स १०५० टीआय या ग्राफिक्स कार्डात घालणाऱ्यांचा हिशेब चोख होता, असंच मी म्हणेन.

ग्राफिक्सचा फरक एका ओळीचा आहे. पेंटियममध्ये एचडी ६१०, आय३मध्ये एचडी ६३०. वेगळं कार्ड न लावता गेम खेळायचे असतील तर ६३० बरं. व्हिडिओ बघण्यापुरते दोघे सारखेच: १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे व्हिडिओचे प्रकार दोघांनाही हार्डवेअरमध्ये जमतात, एव्ही१ हा प्रकार दोघांनाही जमत नाही. आणि टास्क मॅनेजरमध्ये चार आलेख दिसतात म्हणून या दोघांना "क्वाड-कोअर" म्हणून विकणं आता बंद व्हायला हवं. चार थ्रेड म्हणजे चार कोअर नव्हेत.

आता खरा मुद्दा. जी४५६० ला एव्हीएक्स हा सूचनासंच येत नाही, त्याच्या पुढचा एव्हीएक्स२ही येत नाही. आय३-७१०० ला दोन्ही येतात.

प्रोसेसरला ठरावीक आज्ञा कळतात, त्या संचाला सूचनासंच म्हणतात. जुन्या एसएसई आज्ञा १२८ बिटांच्या रजिस्टरवर (प्रोसेसरमधली आकडे धरायची जागा) चालतात, म्हणजे ३२ बिटांच्या चार दशांश संख्यांची बेरीज एका आज्ञेत होते. एव्हीएक्समध्ये रजिस्टर २५६ बिटांचं झालं, चारच्या आठ संख्या झाल्या. २०११ मध्ये इंटेलच्या सँडी ब्रिज जनरेशनबरोबर एव्हीएक्स आलं, २०१३ मध्ये हॅसवेलबरोबर आलेल्या एव्हीएक्स२ ने हीच सोय पूर्णांकांना दिली. इथवर वाचून लोक म्हणतात, "म्हणजे पेंटियम अशा कामात जरा हळू चालेल, चालायचंच." नेमकी इथेच सगळ्यांची गल्लत होते.

बाळबोध झरझर वाचणाऱ्या माणसापुढे मोडीतला कागद ठेवा. तो कागद तो हळूहळू वाचत नाही, त्याला तो वाचताच येत नाही. एव्हीएक्सची आज्ञा समोर आली की जी४५६० चं असंच होतं. ही आज्ञा मला माहीत नाही, असं प्रोसेसर ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतो आणि ती तो प्रोग्रॅम तिथल्या तिथे बंद करते.

माझ्या भाच्याच्या बाबतीत हे अगदी जवळून पाहिलं. त्याला मशीन लर्निंग शिकायचं होतं. दुकानदाराने "सेव्हन्थ जनरेशन आहे, सगळं चालेल" असं सांगून जी४५६० वालं मशीन गळ्यात मारलं होतं. त्याने उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, मशीन लर्निंगसाठीचं टेन्सरफ्लो हे सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, पायथनमध्ये ते आयात करायची पहिली ओळ लिहिली आणि एंटर मारला. पडद्यावर एकच ओळ आली: "इल्लीगल इन्स्ट्रक्शन (कोअर डम्प्ड)". पुढे काहीच नाही. कंसातला "कोअर" वाचून त्याला वाटलं, प्रोसेसरचा एक कोअर जळाला. त्याने रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, दोनदा उबुंटू नव्याने टाकलं, मग रात्री साडेदहाला मला फोन केला. "मामा, बोर्ड गेला का रे?" बोर्ड ठणठणीत होता. तो "कोअर" म्हणजे बंद पडलेल्या प्रोग्रॅमच्या मेमरीची साठवलेली नक्कल, त्याचा प्रोसेसरच्या कोअरशी संबंध नाही. निदान त्या ओळीच्या पहिल्या दोन शब्दांतच लिहिलेलं होतं. विंडोजवर एवढंही सरळ कळत नाही. तिथे डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी मदतनीस फाईल) सुरू झाली नाही असा काहीतरी संदेश येतो आणि माणूस चार दिवस डीएलएल शोधत बसतो.

मग क्रोम कसं चालतं, ऑफिस कसं चालतं, हा रास्त प्रश्न आहे. काळजीपूर्वक लिहिलेला प्रोग्रॅम सुरू होतानाच प्रोसेसरला विचारतो, तुला काय काय येतं? मग एव्हीएक्स असेल तर एक वाट धरतो, नसेल तर दुसरी. एचडी व्हिडिओचं एन्कोडिंग जी४५६० वर होतं ते यामुळेच. तिथे खरोखर फक्त वेळ जास्त लागतो, आणि फरक अकरा टक्क्यांच्या बराच पुढे जातो. पण दोन वाटा सांभाळणं कष्टाचं असतं. २०११ नंतर इतकी वर्षं लोटली, आता एव्हीएक्स सगळ्यांकडे असेलच असं धरून अनेकांनी दुसरी वाट काढून टाकली. टेन्सरफ्लोच्या तयार फायलींना १.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून, एव्हीएक्स लागतं. मोंगोडीबी या डेटाबेसला ५.० पासून लागतं. असॅसिन्स क्रीड ऑडिसी हा गेम २०१८ मध्ये आला तेव्हा एव्हीएक्सशिवाय चालत नव्हता, अट नंतरच्या अपडेटमध्ये निघाली. पळवाटा आहेत: टेन्सरफ्लो १.५ वर थांबायचं, मोंगोडीबी ४.४ वर थांबायचं, किंवा सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, स्वतः बांधायचं. दोन कोअरच्या मशीनवर टेन्सरफ्लो बांधायला बसणं नवशिक्या मुलाला सुचवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

"जनरेशन नवी आहे ना, मग असेलच" हा युक्तिवाद तर मुळातच टिकत नाही. २०११ च्या आय३-२१०० ला एव्हीएक्स येतं, २०१७ च्या जी४५६० ला येत नाही. जनरेशनचा आकडा वय सांगतो, कुवत सांगत नाही. आणि "बायॉस अपडेट कर, येईल" असा सल्ला देणाऱ्यांनी कृपया थांबावं. कोअरची रचना दोन्हीकडे कॅबी लेकचीच आहे. पेंटियमवर हे संच इंटेलनेच बंद करून ठेवलेत, आणि बायॉसमधून (बोर्डवरच्या मूळ प्रोग्रॅममधून) ते चालू होत नाहीत. दुकानात तपासायला मिनिटही लागत नाही. सीपीयू-झेड हा प्रोसेसरची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडा आणि "इन्स्ट्रक्शन्स"ची ओळ वाचा. जी४५६० वर एसएसई ४.२, एईएस वगैरे दिसेल, एव्हीएक्स दिसणार नाही.

आता पैशांचं. मशीन आईवडिलांसाठी, दुकानाच्या बिलांसाठी किंवा शाळेच्या अभ्यासासाठी असेल तर जी४५६० बिनधास्त घ्या, आय३ला एक रुपयाही जास्त देऊ नका. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत दोघेही नाहीत, त्यामुळे त्या कारणाने आय३ घेण्यात अर्थ नाही. घरात कोणी प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, मशीन लर्निंग शिकणार असेल तर मात्र जी४५६० अजिबात नको. मग आय३-७१०० घ्यायचा का? माझं मत विचाराल तर तोही नको. नवा असतानाच त्याची किंमत पटण्यासारखी नव्हती, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये त्याच ११७ डॉलरमध्ये चार खऱ्या कोअरचा आय३-८१०० आला. फक्त तो ८१०० जी४५६० किंवा ७१०० च्या बोर्डांवर लावायला जाऊ नका. सॉकेटचं नाव एलजीए ११५१ च असलं तरी त्याला ३०० मालिकेतला बोर्ड लागतो. एच११० किंवा बी२५० असा त्यांचा जुना बोर्ड हातात असेल तर जुना आय५-६५०० शोधा: चार खरे कोअर, ६ एमबी कॅश, एव्हीएक्स२ आहे. लॅपटॉपवर "आय३-७१००" लिहिलेलं दिसलं तर पुढे यू अक्षर आहे का ते बघा. ७१००यू हा २.४ गिगाहर्ट्झचा वेगळा प्रोसेसर आहे.

भाच्याच्या एच११० बोर्डवर आम्ही तो ६५०० च बसवला. रॅम तीच, एसएसडी तीच, उबुंटूसुद्धा पुन्हा टाकावं लागलं नाही. त्याने तीच ओळ पुन्हा लिहिली, एंटर मारला, कर्सर जरा थांबला आणि खाली पायथनचे तीन बाण आले, म्हणजे ओळ बिनतक्रार चालली.