आंतरकर्णातील चेतापारेषक

आंतरकर्णातील केशपेशी (केसांसारखी टोके असलेल्या संवेदी पेशी) आणि चेतातंतू यांच्यामध्ये संदेश पोचवणारी रसायने. कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर ग्लुटामेट हे प्रमुख, तर मेंदूकडून कानाकडे येणाऱ्या तंतूंमध्ये ॲसिटिलकोलीन महत्त्वाचे आहे.

माणसाच्या एका कॉक्लियात (आंतरकर्णातील शंखासारख्या श्रवणभागात) सुमारे ३,५०० आतल्या आणि १२,००० बाहेरच्या केशपेशी असतात. मेंदूला आवाजाची खबर देण्याचे काम मुख्यतः संख्येने थोड्या असलेल्या आतल्या पेशी करतात. ध्वनिकंपनांनी पेशीवरचे केस कलले की पोटॅशियम आयन आत शिरतात, पेशीचा विद्युत्‌भार बदलतो, बुडाजवळच्या कॅल्शियम मार्गिका उघडतात आणि ग्लुटामेटने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) चेतासंधीत, म्हणजे पेशी व चेतातंतू यांच्या जोडावर, रित्या होतात. आवाज जितका मोठा, तितके ग्लुटामेट अधिक. आवाज चालू असेपर्यंत हा स्राव अखंड व्हावा लागतो, आणि तोही मिलिसेकंदापेक्षा सूक्ष्म अचूकतेने. म्हणून इथल्या चेतासंधीवर फितीसारखी एक प्रथिनरचना असते. ती पुटिकांचा साठा हाताशी ठेवते.

पुटिका रित्या होण्यासाठी ओटोफर्लिन हे प्रथिन लागते. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत गंभीर दोष असल्यास केशपेशी शाबूत असूनही मूल जन्मतः बहिरे असते. अशा बाळाच्या बाहेरच्या केशपेशी काम करत असल्याने, केवळ कानातून परतणारा सूक्ष्म ध्वनी मोजणाऱ्या नवजात तपासणीत हा दोष निसटतो. श्रवणचेतेचा प्रतिसाद तपासणारी चाचणी यासाठीच आवश्यक ठरते. निरोगी जनुक थेट आंतरकर्णात सोडल्यावर अनेक मुलांना ऐकू येऊ लागल्याचे निष्कर्ष २०२४मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्लुटामेटचा अतिरेकही घातक असतो. प्रचंड आवाजात त्याचा पूर लोटला की तंतूंची टोके सुजतात. शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन या संशोधकांनी २००९मध्ये उंदरांवर दाखवले, की गोंगाटानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी कॉक्लियाच्या काही भागांत निम्म्यापर्यंत चेतासंधी कायमचे नष्ट झालेले असतात. हे नुकसान नेहमीच्या श्रवणचाचणीत दिसत नाही, ही यातली सर्वांत गंभीर बाब.

मेंदूकडून येणारे तंतू बाहेरच्या केशपेशींवर ॲसिटिलकोलीन सोडतात. हाडांना जोडलेल्या स्नायूंना उत्तेजित करणारे हेच रसायन इथे उलट काम करते: त्याच्यामुळे आत आलेले कॅल्शियम पोटॅशियम मार्गिका उघडते, पेशी शांत होते आणि या पेशी करत असलेले आवाजाचे वर्धन घटते. ॲसिटिलकोलीनचे ग्राही (ते पकडणारी पेशीवरची प्रथिने) वाढवलेल्या उंदरांच्या कानांना गोंगाटाची इजा कमी झाल्याचे आढळले आहे.