डिस्क ड्राइव्हवाला हलका लॅपटॉप : पार्श्वभूमी

हिंगणघाटसारख्या तालुक्याच्या गावात आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या काउंटरवर आजही एक प्रश्न हटकून येतो. “याच्यात शीडी लागते का, भाऊ?” शीडी म्हणजे सीडी. विचारणारे तीन प्रकारचे. लग्नाची डीव्हीडी कपाटात जपून ठेवलेलं घर, नागपूरहून वडिलांचा एमआरआय काढून पाकिटात चकती घेऊन आलेला पोरगा, आणि वकिलाचा कारकून. तिघांनाही लॅपटॉप मात्र पिशवीत टाकून एसटीत चढता येईल असाच हवा असतो. या दोन मागण्या एकमेकींच्या आड कशा आल्या, त्याची ही पार्श्वभूमी.

आधीचा काळ थोडक्यात. लहान लॅपटॉपमध्ये सीडी-डीव्हीडीचा ड्राइव्ह सहसा नसायचाच. थिंकपॅड लॅपटॉपच्या एक्स मालिकेत तो खाली जोडायच्या वेगळ्या बेसमध्ये असे. बेस घरी ठेवला की मशीन हलकं. 2003 मध्ये जपानी बाजारात पॅनासॉनिकचा लेट्सनोट डब्ल्यू-2 हा लॅपटॉप आला. 12.1 इंची पडदा, वजन 1.29 किलो, आणि मनगट टेकवतो त्या जागेचं झाकण वर उचललं की खाली डिस्कची जागा. 2007 च्या तोशिबाच्या पोर्टेजे आर-500 मध्ये तर अवघ्या 7 मिलिमीटर जाडीचा ड्राइव्ह होता. म्हणजे हलकेपणा आणि डिस्क एकत्र नांदत नाहीत, हे खरं नाही. नांदत होते, पण ते घर आपल्याला परवडणारं नव्हतं. आपल्याकडे त्या वेळी येत होते ते 15.4 इंची, अडीच किलोच्या पुढचे लॅपटॉप.

खरा घोळ घातला तो ‘स्लिम’ या शब्दाने. टेबलावरच्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह चार सेंटिमीटरहून उंच. त्याच्यापुढे अर्ध्या इंचाचा, म्हणजे 12.7 मिलिमीटरचा लॅपटॉपचा ड्राइव्ह बारीकच दिसणार, म्हणून त्याचं नाव स्लिम पडलं. पुढे 9.5 मिलिमीटरचा आला, तो कागदोपत्री ‘अल्ट्रा स्लिम’. दुकानदारांच्या तोंडी मात्र दोन्ही स्लिमच राहिले. नागपूरच्या सीताबर्डी बाजारात फोन करून “एक स्लिम रायटर (डिस्क लिहिणारा ड्राइव्ह) पाठवा” म्हटलं की संध्याकाळच्या बसने काय उतरेल याचा नेम नसे. जाडाच्या खाचेत बारका घातला तर तो बसतो, पण वर तीन मिलिमीटरची फट राहते आणि समोरची पट्टी जुळत नाही. बारक्याच्या खाचेत जाडा घुसतच नाही. त्यात ड्राइव्ह जोडायची पिन जुनी आयडीई की नवी साटा, हा दुसरा गुंता. आम्ही शेवटी फोनवर नाव घेणं सोडलं. शाळेतली सहा इंची पट्टी लावायची आणि आकडा सांगायचा.

असाच घोळ मराठीतल्या ‘हलका’ या शब्दाचाही. “हा हलका आहे” असं सांगितलं की गिऱ्हाईक पटकन म्हणे, “हलका नको, चांगला दाखवा.” शेवटी आम्ही ‘वजनाला कमी’ म्हणायला लागलो.

आता त्या मिलिमीटरचा हिशेब. ड्राइव्हचं स्वतःचं वजन फार नव्हतं, दीडशे-दोनशे ग्रॅम. पण चकतीच 12 सेंटिमीटरची, त्यामुळे ड्राइव्ह जवळपास 13 सेंटिमीटर लांब-रुंद जागा अडवतो, आणि लहान लॅपटॉपच्या पोटात ती जागा बॅटरीची असते. ड्राइव्ह काढला तो मशीन चपटं दिसावं म्हणून, असंच बहुतेक जण सांगतात. माझ्या मते बॅटरीचा मुद्दा जास्त वजनदार होता. ज्या काळात विदर्भातल्या खेड्यांत लोडशेडिंग रोजचं होतं, त्या काळात तर हा मुद्दा आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. डिस्क फिरत असली की बॅटरी डोळ्यादेखत उतरायची.

जानेवारी 2008 मध्ये मॅकबुक एअर आला, 1.36 किलोचा, ड्राइव्हशिवाय. डिस्क लागलीच तर वाय-फायवरून दुसऱ्या कॉम्प्युटरचा ड्राइव्ह उसना घ्या, अशी सोय दिलेली. ज्या गावात वाय-फायही नाही आणि दुसरा कॉम्प्युटरही नाही, तिथे उसना कुणाकडून घ्यायचा? त्याच सुमारास स्वस्त नेटबुक आले. किलो-सव्वा किलोचे, कॉलेजच्या पोरांना परवडणारे. ड्राइव्ह त्यांतही नव्हता, आणि काहींच्या खोक्यातून ड्रायव्हर सॉफ्टवेअरची डीव्हीडी निघायची! पुढे यूएसबीत लावायचे, इंटरनेटचे थ्री-जी डोंगल आले. ते लावले की पडद्यावर सीडी ड्राइव्हचं चिन्ह उमटे, कारण आपलं सॉफ्टवेअर ते खोट्या सीडीच्या रूपात सोबत आणत. नेटबुकमध्ये सीडी बसवली असं समजून एक गृहस्थ लग्नाची चकती घेऊन आले होते.

मग बाहेरून जोडायचा ड्राइव्ह हा मधला मार्ग निघाला. जुन्या यूएसबी खाचेतून 500 मिलिअँपिअरच वीज मिळण्याची हमी, आणि डिस्क वेग घेताना त्याहून जास्त मागते. म्हणून दोन तोंडांची वायर येई. नेटबुकला खाचा तीन, त्यांतल्या दोन ड्राइव्हने खाल्ल्या, एक माउसला. पेन ड्राइव्ह हातातच.

आतल्या ड्राइव्हचंही कौतुक करण्यात अर्थ नाही. लॅपटॉपचा ट्रे बाहेर येतो तेव्हा त्याच्यासोबत लेझरची भिंगही बाहेर येते, उघडी. आमच्याकडे जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाची तुसं असतात. दिवाळीनंतर ड्राइव्ह डिस्क ओळखेनासे होत, आणि कापसाच्याच बोळ्याने आम्ही ती भिंग पुसत असू. ट्रे खालून बोटाचा आधार न देता डिस्क दाबणाऱ्यांचे ट्रे वाकत, ते वेगळंच.

सप्टेंबर 2016 मध्ये स्वस्त फोर-जी आलं आणि गाणी, सिनेमे, सॉफ्टवेअर यांसाठी डिस्कची गरज वर्ष-दोन वर्षांत संपली. त्याच वर्षी जपानमध्ये मात्र किलोच्या आतला, डीव्हीडीवाला 12.1 इंची लेट्सनोट निघाला. इकडे लोक जुन्या लॅपटॉपमधला ड्राइव्ह काढून तिथे कॅडीत, म्हणजे ड्राइव्हच्या मापाच्या चौकटीत, दुसरी हार्ड डिस्क बसवू लागले. कॅडीही दोन जाड्यांची, 12.7 आणि 9.5, आणि बाजारात नाव पुन्हा एकच.

राहिले कोर्ट आणि दवाखाने. एकदाच लिहिता येणाऱ्या चकतीत मागाहून फेरफार करता येत नाही, म्हणून रेकॉर्डिंग सीडीवर आणि सोबत पुरावा कायद्याच्या कलम 65-ब चं प्रमाणपत्र, ही वहिवाट पडली. 1 जुलै 2024 पासून कायदा नवा आणि कलम 63 झालं, तरी कारकुनांच्या फायलींत चकत्या आहेतच. एमआरआयच्या पाकिटात अजूनही फिल्मसोबत चकती मिळते. गावातल्या डॉक्टरचा नवा लॅपटॉप दीड किलोच्या आतला, बिनड्राइव्हचा. पेशंटचा पोरगा आमच्याकडे येतो, आम्ही टेबलावरच्या जाड्या ड्राइव्हमध्ये चकती घालून सगळं पेन ड्राइव्हवर उतरवून देतो. वीस रुपये घेतो.