स्पेलिंग निराळे, उच्चार तोच: डोमेन नाव आणि ट्रेडमार्कच्या वादाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी व्यापाऱ्याला आपल्या दुकानाचे नाव देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांत लिहावे लागते, आणि रोमन लिपीत तर ‘गुरुकृपा’सारखे साधे नावही चार तऱ्हांनी लिहिता येते. संकेतस्थळासाठी हवे असलेले डोमेन नाव (म्हणजे संकेतस्थळाचा इंटरनेटवरील पत्ता) आधीच कोणी घेतलेले आढळले, की एखादे अक्षर वाढवून तेच नाव घेण्याचा मोह म्हणूनच त्याला सहज होतो. स्पेलिंग निराळे तर नाव निराळे, हा त्यामागचा समज न्यायालयात टिकत नाही.

ट्रेडमार्कच्या कायद्यात माल आणि सेवा यांचे 45 वर्ग असून, एकाच नावाचे मिठाईचे आणि चपलांचे दुकान एकाच गल्लीत कायदेशीरपणे नांदू शकते. डोमेन नावाला ही सोय नाही; एक नाव एकालाच मिळते. 1985 पासून दिल्या जाणाऱ्या ‘डॉट कॉम’ नावांची वाटणी ‘जो आधी येईल त्याचे नाव’ या तत्त्वावर होत आली. मागणारा त्या नावाचा खरा हक्कदार आहे की नाही, हे नोंदणी करणारी कंपनी तपासत नाही. नोंदणी झाली म्हणजे मालकी सिद्ध झाली असे मानणाऱ्यांची फसगत इथेच होते.

भारतात हा प्रश्न 1999 साली ऐरणीवर आला. ‘याहू’ला ‘इंडिया’ हे शेपूट जोडून घेतलेले नाव दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षी रोखले, आणि ‘रेडिफ’च्या जागी ‘रॅडिफ’ असा एका अक्षराचा फेरफार मुंबई उच्च न्यायालयाने अमान्य केला. मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला निर्णायक खटला कर्नाटकातला होता. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरे घेऊन ‘सिफी’ हा शब्द घडवून 1999 मध्ये त्यावर आधारलेली डोमेन नावे घेतली होती; 2001 पासून दुसरी एक कंपनी एक ‘एफ’ वाढवून ‘सिफीनेट’ या नावाने व्यवसाय करू लागली. आमचे नाव पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांतून तयार झाले, असा तिचा बचाव होता. बंगळूरच्या दिवाणी न्यायालयाने दिलेली तात्पुरती मनाई कर्नाटक उच्च न्यायालयाने उठवली, पण 6 मे 2004 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा लागू केली आणि आद्याक्षरांचा खुलासा पटण्याजोगा मानला नाही. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात डोमेन नावाचा स्पष्ट उल्लेख नसला, तरी दुसऱ्याच्या नावलौकिकावर आपला व्यवसाय चालवण्यास मनाई करणारे जुने तत्त्व (पासिंग ऑफ) त्यालाही लागू होते, हे या निकालाने ठरले. ट्रेडमार्कची नोंदणी झालेली नसली तरीही हे संरक्षण मिळते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. केवळ ट्रेडमार्कची नोंदवही पाहून निर्धास्त झालेल्याला तेच नडते.

2005 पासून ‘डॉट इन’ नावांच्या तक्रारींसाठी लवादाची स्वतंत्र व्यवस्था आहे. नाव फसवे साम्य असलेले आहे, घेणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले आहे, असे तक्रारदाराने दाखवल्यास ते नाव त्याच्याकडे वर्ग होऊ शकते.

गावाच्या नावाचा प्रश्न सीमाभागात अधिक नाजूक आहे. केवळ मालाचे मूळ ठिकाण सांगणारा शब्द सहसा ट्रेडमार्क म्हणून नोंदवला जात नाही, त्यामुळे नुसत्या ‘बेळगाव’ या नावावर खर्च करून कोणालाही एकाधिकार मिळण्याची शक्यता कमी. ‘कोल्हापुरी’ चपलेचे उदाहरण त्याहून बोलके आहे: या नावाचे भौगोलिक मानांकन (ठराविक प्रदेशातील मालालाच ते नाव राखून ठेवणारी नोंदणी) महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे सामाईक आहे. अथणीचा कारागीर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून हे नाव हक्काने वापरू शकतो, पण ते एकट्याचे करून घेऊ शकत नाही.

निपाणीच्या व्यापाऱ्याचा ट्रेडमार्कचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयाकडे जातो आणि हाकेच्या अंतरावरील, पण महाराष्ट्रातल्या कागलच्या व्यापाऱ्याचा मुंबईकडे. नोंदवही मात्र साऱ्या देशाची एकच. तिच्या ऑनलाइन शोधात शब्दानुसार आणि उच्चारानुसार असे वेगवेगळे पर्याय दिलेले आहेत. आपल्याकडील बहुतेक जण पहिला पर्याय पाहून थांबतात.