मॅकनेलीच्या कबरीवरचा खांब

टेक्ससमधल्या बर्टन गावाजवळ माउंट झायन नावाची दफनभूमी आहे. मेक्सिकोच्या सीमेवर ज्याचा दरारा होता तो रेंजरांचा, म्हणजे टेक्सस राज्याच्या सशस्त्र दलाचा, कॅप्टन लिअँडर मॅकनेली तिथे पुरलेला आहे. ४ सप्टेंबर १८७७ रोजी तो गेला, वयाच्या ३३व्या वर्षी, गोळीने नव्हे तर क्षयाने. राज्याच्या ऐतिहासिक फलकापेक्षा मला बोलका वाटतो तो कबरीवरचा ग्रॅनाईटचा खांब. तो घरच्यांनी उभारला नाही आणि सरकारनेही नाही. पैसे दिले ते किंग रँचचा मालक, हजारो गुरांचा धनी रिचर्ड किंग याने.

मॅकनेली मूळचा व्हर्जिनियाचा, जन्म १८४४चा. १८६०मध्ये टेक्ससला येऊन तो मेंढ्या राखू लागला. वर्षभरात अमेरिकेत उत्तर विरुद्ध दक्षिण असं यादवी युद्ध पेटलं आणि हा १७ वर्षांचा पोरगा दक्षिणेच्या घोडदळात भरती झाला. न्यू मेक्सिकोची फसलेली मोहीम, गॅल्व्हस्टनची लढाई, १८६४मध्ये मॅन्सफिल्डच्या लढाईत लागलेली गोळी, हे सगळं त्याने पाहिलं; युद्धातच तो कॅप्टनही झाला. युद्ध हरल्यावर शेती.

१८७०मध्ये गव्हर्नर एडमंड डेव्हिस यांनी स्टेट पोलीस दल उभं केलं. डेव्हिस उत्तरेच्या बाजूने लढलेले, आणि दलात कृष्णवर्णीय शिपायांचा भरणा. गोऱ्या टेक्ससकरांच्या डोळ्यांत ते सलत होतं. त्याच दलात या माजी दक्षिणी सैनिकाने कप्तानी पत्करली. त्याचे चाहते हे प्रकरण जरा घाईनेच उरकतात. १८७३मध्ये दल बरखास्त झालं, पुढच्या वर्षी त्याच्या हाती रेंजरांची खास तुकडी आली.

१८७५मध्ये न्युएसेस आणि रिओ ग्रांदे या नद्यांमधला मुलूख धुमसत होता. गुरं चोरून मेक्सिकोत हाकली जात, आणि त्याचा सूड म्हणून गोरे टोळीवाले मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या वाड्या जाळत. जूनमध्ये मॅकनेलीने पालो आल्टोच्या माळावर गुरंचोरांना गाठलं. त्यांची प्रेतं ब्राउन्सव्हिलच्या चौकात आणून टाकली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावीत अशी. पकडलेल्यांना छळून बोलतं करणं, मग फासावर चढवणं, हेही त्याच्या तुकडीत चालायचं.

नोव्हेंबरात तो जेमतेम ३० माणसं घेऊन रात्री सीमेवरची रिओ ग्रांदे उतरला आणि थेट मेक्सिकोत, परक्या देशात शिरला. लक्ष्य होतं लास क्वेवास, चोरीची गुरं जिथे जात ती वाडी. पहाटे हल्ला झाला तो मात्र भलत्याच वस्तीवर, आणि तिथली माणसं नाहक मेली. तेवढ्यात लास क्वेवासला वर्दी गेली. तिथला म्होरक्या हुआन फ्लोरेस सालिनास चकमकीत पडला. अमेरिकी लष्कराने माघारी फिरायला फर्मावलं, ते मॅकनेलीने धुडकावलं. शेवटी काही डझन गुरं परत मिळाली, त्यात किंगचीही होती. किंगने त्या गुरांचं एकेक शिंग कापून त्यांना कुरणात कायमचं मोकळं सोडलं, असं सांगतात.

१८७७च्या सुरुवातीला तुकडीची फेररचना झाली, तेव्हा औषधपाण्याच्या खर्चाकडे बोट दाखवून मॅकनेलीचं नाव गाळण्यात आलं. आठ महिन्यांत तो गेला.

नदीपलीकडे, मेक्सिकोत, सालिनासचंही स्मारक आहे. तो देशासाठी लढताना मेला, असं त्यावर कोरलेलं आहे.